घर गहाण ठेवून फायनान्समध्ये एमबीए करायचं का?

(या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, फक्त अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकलेत.)

हेडफोन लावून बसमध्ये बसला असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल किंवा भंडारा-तुमसर रोडवर कुणाच्या तरी गाडीच्या मागे असाल, तर जरा सांभाळून ऐका.

दिवाळी झाली. आपल्याकडे मंडईचा सीझन सुरू झालाय. मी पुण्याहून आठ दिवसांसाठी गावाला आलो होतो. मंडईत दंडार बघत उभा होतो, तर बाजूला एक पोरगा आला. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणे, "दादा, तुझा पॉडकास्ट ऐकतो. मले फायनान्समध्ये एमबीए कराचं आहे. एका कॉलेजचा कॉल आहे, फी १६ लाख. घेऊ का?"

मी त्याला तिथे उभ्या उभ्या उत्तर देऊ शकलो नाही. कारण अगदी हाच प्रश्न, अगदी हाच आकडा, २०२३ मध्ये माझ्यासमोर होता. तेव्हा काय झालं ते मी कधी कुठे सांगितलेलं नाही. आज सांगतो. त्याला कबूल केलं होतं की पुढचा भाग तुझ्यासाठी.

आधीच सांगून टाकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. बीटेक नागपूरला केलं, २०१९ पासून पुण्यात नोकरी. माझ्याकडे एमबीएची डिग्री नाही. मी कुणी करिअर काउन्सेलर नाही आणि शेअर घ्या-विका असंही काही सांगणार नाही. एक माणूस त्या दारापर्यंत गेला, दारात थांबला आणि परत फिरला, त्याने काय पाहिलं, एवढंच.

मला फायनान्स का शिकायचं होतं?

खरं कारण सांगू? ऑप्शन ट्रेडिंग.

लॉकडाउनमध्ये घरून काम सुरू होतं. मोबाइलवर ॲप होतं, हातात पगार होता आणि यूट्यूबवर रोज कोणीतरी हिरवे स्क्रीनशॉट दाखवत होतं. मी ५,००० पासून सुरुवात केली. पहिल्या महिन्यात ११,००० कमावले. मग वाटलं, आपल्याला डोकं आहे, कोडिंग येतं, आपण बाकीच्यांसारखे नाही. पुढच्या दीड वर्षात मी १ लाख ४० हजार रुपये घालवले. घरी कुणाला सांगितलं नाही. बाबा विचारायचे, "बाबू, काही शिल्लक ठेवतोस ना?" मी म्हणायचो, "हो बाबा, एफडी केली."

आणि मग माझ्या डोक्याने एक गंमत केली. मी हरलो कारण मला फायनान्स येत नाही. म्हणजे फायनान्स शिकलो की जिंकेन. म्हणजे एमबीए फायनान्स!

हा विचार किती लोकांच्या डोक्यात असतो ते मला नंतर कळलं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य माणसांपैकी १०० पैकी ९३ जण तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. सरासरी माणशी २ लाखांच्या आसपास. म्हणजे मी काही वेगळा नव्हतो. मी त्या ९३ मधला एक होतो, बस.

तर पहिला मुद्दा लिहून घ्या. ट्रेडिंगमध्ये गेलेले पैसे परत आणायला फायनान्सची डिग्री घेऊ नका. ती त्यासाठी नाहीच.

मग त्या डिग्रीत शिकवतात काय?

दोन वर्षांचा कोर्स असतो. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं: अकाउंट्स, अर्थशास्त्र, मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स, आकडेशास्त्र. मधल्या उन्हाळ्यात दोनेक महिन्यांची इंटर्नशिप. दुसऱ्या वर्षी तुम्ही स्पेशलायझेशन निवडता. फायनान्स घेतलं की कंपनीचं मूल्य कसं काढायचं, कर्ज आणि भागभांडवल यांचं प्रमाण किती ठेवायचं, बाँड, डेरिव्हेटिव्ह, बँकिंग, जोखीम व्यवस्थापन, पोर्टफोलिओ असे विषय येतात.

आपण बीटेकवाले यातल्या गणिताला घाबरत नाही. मार्कोविट्झने १९५२ मध्ये पोर्टफोलिओची जी मांडणी केली, तिच्यात आपल्याला कोव्हेरियन्स दिसतो, खूश होतो. खरा घाम फुटतो अकाउंट्समध्ये. नफा आहे पण खात्यात पैसा नाही, हे कसं शक्य आहे? मला हे समजायला फार वेळ लागला. आणि समजलं ते पुस्तकातून नाही, माझ्या लहान बहिणीकडून.

ती तुमसरला बीकॉम झाली. एमबीए सीईटी दिली, कॅपमधून नागपूरच्या एका कॉलेजला २०२४ मध्ये लागली. आता दुसऱ्या वर्षाला आहे, फायनान्स घेतलंय. या उन्हाळ्यात तिने आपल्याच भागातल्या एका राइस मिलच्या हिशेबावर प्रोजेक्ट केला. तिने मला जे समजावलं ते ऐका.

धान येतो नोव्हेंबर ते जानेवारीत. मिलवाल्याला तेव्हा रोखीने घ्यावा लागतो, फार तर दहा दिवसांची उधारी. मग तो धान गोदामात पडतो, भरडाई होते, तांदूळ निघतो. समजा माल सरासरी ७५ दिवस पडून राहिला. विकल्यावर व्यापारी पैसे देतो ४० दिवसांनी. ७५ अधिक ४० वजा १०. झाले १०५ दिवस. म्हणजे आज खिशातून गेलेला रुपया साडेतीन महिन्यांनी परत येतो. मिलचा रोजचा खर्च २ लाख धरला, तर २ कोटी १० लाख रुपये कायम या चक्रात अडकलेले. कागदावर नफा दिसतोय, पण मजुरी द्यायला पैसा नाही! म्हणून तो बँकेकडे कॅश क्रेडिट मागतो, आणि बँकेतला माणूस नेमका हाच हिशेब तपासतो.

"दादा," ती म्हणाली, "यालेच वर्किंग कॅपिटल म्हणतात. तू ज्याले फायनान्स म्हणत होता ना, ते याच्यात कुठंच नाही."

बोलती बंद झाली माझी.

बाबांना जे आधीपासून येत होतं

आता अजून एक गंमत. तीन एकर धानाची शेती आहे आमची. खाण्यापुरतं ठेवून समजा ४० क्विंटल विकायला काढतो. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव आहे २,३६९ रुपये क्विंटल. सरकारी केंद्रावर दिला तर हा भाव मिळेल, पण ओलावा १७ टक्क्यांच्या आत पाहिजे, नंबर लागला पाहिजे आणि पैसे खात्यात यायला वेळ लागू शकतो. व्यापारी म्हणतो, "भाऊ, आत्ता माप करतो, आत्ता पैसे, २,१५०." हा भाव उदाहरणासाठी धरलाय, दर गावात वेगळा असतो.

फरक २१९ रुपये. ४० क्विंटलला ८,७६० रुपये. केंद्राचे पैसे दोन महिन्यांनी येणार असं धरा. म्हणजे व्यापारी दोन महिने आधी पैसे देण्याचे सव्वादहा टक्के घेतोय. वर्षाचा हिशेब केला तर ६० टक्क्यांच्या वर! क्रेडिट कार्डसुद्धा लाजेल.

मग शेतकरी व्यापाऱ्याला का विकतो? अडाणी म्हणून? मुळीच नाही. मळणीची मजुरी आज द्यायची आहे. पोरीची फी आज आहे. आणि पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडलं तरच व्याजाची सवलत मिळते. ज्याच्या घरात तेवढ्यापुरते पैसे आहेत तो थांबू शकतो. ज्याच्याकडे नाहीत त्याला थांबण्याची किंमत परवडत नाही. एमबीएत याला 'टाइम व्हॅल्यू ऑफ मनी' आणि 'लिक्विडिटी' म्हणतात. बाबा काय करतात? अर्धा धान व्यापाऱ्याला देतात, तेवढ्यात मजुरी आणि फी भागते, आणि अर्धा केंद्रावर नेतात. शाळा सातवीपर्यंत. कधी कधी वाटतं, त्या स्पेशलायझेशनचं निम्मं पुस्तक आपल्या बांधीवरच लिहिलेलं आहे. डिग्री त्याला भाषा देते आणि मोठ्या आकड्यावर तेच करायला शिकवते.

आता १६ लाखांचा हिशेब

२०२३ मध्ये मला एका खासगी कॉलेजचा कॉल आला. नाव घेत नाही. फी दोन वर्षांची १६ लाख. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात: सरासरी पॅकेज १२ लाख. माझं तेव्हाचं पॅकेज साडेआठच्या आसपास, हातात ६२,००० महिना. वाटलं, मस्त! दीडपट झाला पगार.

हिशेब करायला कागद घेतला. चला, तुम्हीही घ्या.

पहिली ओळ, फी: १६ लाख. दुसरी ओळ, जी सगळे विसरतात: दोन वर्षं नोकरी सोडणार, म्हणजे महिना ६२,००० प्रमाणे जवळजवळ १५ लाख येणार नाहीत. राहण्याखाण्याचा खर्च पुण्यातही आहे आणि कॉलेजातही आहे, म्हणून तो वेगळा धरायचा नाही, नाहीतर दोनदा मोजला जाईल. एकूण किंमत ३१ लाख. सोळा नाही, एकतीस!

तिसरी ओळ, व्याज. ८ लाख पहिल्या वर्षी, ८ लाख दुसऱ्या वर्षी, १० टक्क्यांनी. कोर्स संपून सहा महिन्यांनी हप्ता सुरू होतो असं धरा. तोपर्यंत साधं व्याज धरलं तरी पहिल्या आठ लाखांवर २ लाख आणि दुसऱ्या आठवर १ लाख २० हजार. म्हणजे हप्ता सुरू होतानाच कर्ज १९ लाख २० हजार. दहा वर्षांसाठी महिन्याचा हप्ता साधारण २५,४००. सगळं फेडेपर्यंत साडेतीस लाख जातात.

चौथी ओळ, सरासरी म्हणजे काय? समजा वर्गात दहा जण आहेत. आठ जणांना ८ लाखांची नोकरी, एकाला २० आणि एकाला ३६. सरासरी किती? १२ लाख. पण वर्गातल्या मधल्या माणसाला किती मिळाले? ८. याला मीडियन म्हणतात. कॉलेजला फोन करून फक्त एक प्रश्न विचारा: "मीडियन किती, आणि किती मुलं त्या मोजणीत धरलीत?" मी विचारलं. समोरून उत्तर आलं, "सर, तुम्ही आधी सीट ब्लॉक करा." मग लिंक्डइनवर तिथल्याच तीन सीनियर्सना गाठलं. तिघांचं म्हणणं सारखं: आमच्या बॅचमधला मधला माणूस ९ लाखांच्या आसपास आहे.

माझे साडेआठ होते! अर्ध्या लाखासाठी मी ३१ लाख मोजायला निघालो होतो.

सगळीच कॉलेजं अशी नसतात, हे नीट ऐका. काही संस्था प्लेसमेंटचा अहवाल ठरावीक नमुन्यात, बाहेरून तपासून घेऊन प्रसिद्ध करतात. त्यात मीडियन असतो, क्षेत्रवार फोड असते, किती मुलं प्लेसमेंटला बसली ते असतं. असा अहवाल असेल तर तो वाचा. नसेल तर का नाही, हे विचारा.

बँकेने दिलेला फुकटचा धडा

एवढं सगळं कळूनही मी थांबलो नव्हतो बरं का. मन ऐकत नव्हतं. मी बँकेत गेलो. साहेब म्हणाले, या कॉलेजला एवढ्या रकमेसाठी तारण लागेल. मी म्हटलं, शेती आहे. ते म्हणाले, शेती चालत नाही, घर किंवा अकृषक प्लॉट आहे का? याचं कारण मला नंतर कळलं. कर्ज बुडालं तर तारण जप्त करण्यासाठी बँकांकडे २००२ चा सरफेसी कायदा आहे, आणि शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे. म्हणून शैक्षणिक कर्जाला शेती तारण घ्यायला बँका नाखूश असतात.

उरलं काय? आमचं घर. आजोबांनी बांधलेलं, पुढे ओसरी, मागे विहीर.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मला कळलं की माझ्या ऑफिसमधल्या एकाला आयआयएमसाठी याच्यापेक्षा मोठं कर्ज तारणाशिवाय मिळालं. मला राग आला. आमच्यासारख्यांनाच अडवतात! घरी जाऊन खूप बोललो बँकेला. पण आज एका कर्ज देणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, तर कळतं. बँकेने माझी जात, गाव, चेहरा पाहिला नव्हता. तिने कॉलेज पाहिलं होतं. इथून शिकलेली मुलं कर्ज फेडतात का, याचा तिच्याकडे अंदाज होता. तारण मागणं म्हणजे बँक मला सांगत होती की बाबा रे, या कॉलेजवर आमचा विश्वास नाही, तुझ्या घरावर आहे. फायनान्सचा पहिला धडा फुकट मिळाला होता आणि मी तो अपमान समजून बसलो.

ओसरीवरचं बोलणं

मी गावाला आलो. बाबांना सांगितलं, घराचे कागद लागतील.

बाबांनी काही विचारलं नाही आधी. आत गेले, कपाटातून पत्र्याची पेटी आणली, कागद माझ्यासमोर ठेवले. मग बसले. म्हणाले, "गहाण टाकाचं तर टाकू बाबू, घर का शिक्षणापेक्षा मोठं आहे? पन मले एक सांग. कोर्स झाल्यावर नवकरी नाही लागली, तर हप्ता कोन भरन?"

मी म्हटलं, "माझी एफडी आहे ना."

आणि ते वाक्य तोंडातून गेलं आणि मला पुढे बोलता येईना. कारण एफडी नव्हतीच. मी त्या माणसासमोर बसून, त्याच्या बापाने बांधलेल्या घराच्या कागदांवर हात ठेवून, खोटं बोलत होतो.

मी सांगितलं सगळं. ॲप, ऑप्शन, १ लाख ४० हजार.

बाबा बराच वेळ गप्प होते. आई आतून ऐकत होती, भांड्यांचा आवाज थांबला होता. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "नुसकान धानातबी होते. पानी नाही आलं, तुडतुडा आला, होते. पन काहून झालं ते आपल्याले मालूम राहते. तुझं नुसकान काहून झालं, तुले समजलं का?"

मला नव्हतं समजलं. दीड वर्ष खेळून, पैसे घालवून, मला आजही सांगता येत नव्हतं की मी नेमकी कुठली जोखीम घेतली होती.

"मंग पयले ते समजून घे," एवढंच म्हणाले आणि पेटी उचलून आत घेऊन गेले.

मी ती सीट सोडली.

मग काय केलं?

तीन गोष्टी केल्या. पहिली, ॲप काढून टाकलं. दुसरी, कंपनीत कर्जवाटपाच्या प्रॉडक्टवर काम करणारी टीम होती, तिथे बदली मागून घेतली. पगार तोच, पण रोज क्रेडिट स्कोअर, हप्ते, थकबाकी यांच्याशी संबंध यायला लागला. तिसरी, फुकटात आणि स्वस्तात जेवढं शिकता येईल तेवढं शिकलो. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांची व्हॅल्युएशनची लेक्चर्स यूट्यूबवर मोफत आहेत. एनपीटीईएलवर कोर्स आहेत. सेबीने स्थापन केलेली एनआयएसएम संस्था परीक्षा घेते, त्यांची फी एमबीएच्या फीसमोर किरकोळ आहे.

आणि एक घरगुती अभ्यास सांगतो, हा करून बघाच. आपल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. त्या मॉइल कंपनीच्या. कंपनीचं मुख्यालय नागपूरला, शेअर बाजारात नोंद २०१० पासून. तिचा वार्षिक अहवाल कुणालाही मोफत डाउनलोड करता येतो. वरठीच्या सनफ्लॅग स्टीलचाही येतो. शेअर घ्यायचा म्हणून नाही, वाचायचा म्हणून. नफा-तोटा पत्रक उघडा, मग रोख प्रवाहाचं पत्रक उघडा आणि दोन्हीत फरक का आहे ते शोधा. ज्या खाणीचा भोंगा आपण ऐकलाय तिचे आकडे वाचायला कंटाळा येत नाही. आणि तरीही आला, दहा पानांत झोप आली, तर समजून जा की फायनान्समध्ये दोन वर्षं आणि वीस-तीस लाख घालायची तुमची वेळ नाही. ही चाचणी फुकट आहे.

पैसे नसणाऱ्याने शिकूच नये का?

असं मी मुळीच म्हणत नाहीये. उलट बोलायचं आहे.

आपल्या भंडाऱ्यात १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता. एक उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ती निवडणूक ते हरले, हे आपल्याकडे जुन्या लोकांना माहीत असतं. पण आपल्या दारात मत मागायला आलेला तो माणूस देशातल्या सगळ्यात जास्त शिकलेल्या फायनान्सवाल्यांपैकी एक होता, हे किती जणांच्या लक्षात असतं?

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था यावर त्यांनी प्रबंध लिहिला. ब्रिटिश भारतातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर पुढे पुस्तक आलं १९२५ मध्ये. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर काम केलं, ते पुस्तक १९२३ चं. चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली.

पण मला आज सांगायचा आहे तो मधला भाग. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परत यावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली. पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये ते परत लंडनला गेले. अर्धं राहिलेलं पूर्ण केलं. त्याच सिडनहॅमच्या नावाने आज मुंबईत एमबीएची शासकीय संस्था आहे.

तेव्हा थांबणं म्हणजे हरणं नाही. नोकरी करून, पैसे साठवून, तीन वर्षांनी परत जाता येतं. आणि शिष्यवृत्ती घेणं म्हणजे उपकार घेणं नाही. ज्यांना याची लाज वाटते त्यांनी हे आठवावं.

म्हणून आता रस्ते सांगतो, पटापट.

एक. राज्याची एमबीए सीईटी. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हिच्यातून कॅपमध्ये आलात तरच फीच्या बहुतेक सवलती मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर त्या गेल्या.

दोन. मुलींनो, हे नीट ऐका. २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. माझी बहीण याच्यावरच शिकते आहे. हॉस्टेल-मेसचा खर्च मात्र आपला. एससी-एसटीसाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या आधीपासून आहेत. आपला कोर्स आणि कॉलेज यादीत आहे का, हे प्रवेशाआधी महाडीबीटीवर तपासा, नंतर नाही.

तीन. कॅट. नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे, मिहानमध्ये कॅम्पस. भंडाऱ्याहून दीड-दोन तासांवर. फी जास्त आहे, पण अशा संस्थांना तारणाशिवाय कर्ज मिळतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही बघा. निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण नाही, जामीनदार नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना काही अटींवर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात सवलत.

चार. कर्ज घेतलंच तर व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली निवडली तर नाही.

त्या पोराला माझं उत्तर

तर मंडईत भेटलेल्या माझ्या भावा, तू ऐकत असशील. हो किंवा नाही असं मी सांगणार नाही, तो तुझ्या घरचा निर्णय आहे. पण फी भरायच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिही. त्या कॉलेजचा मीडियन किती? फी आणि बुडालेला पगार मिळून खरी किंमत किती? तुझ्या बाबतीत पगार अजून सुरू झालेला नाही, तर कॅम्पसमधून जी नोकरी मिळू शकते ती धर. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा: नाही जमलं, तर हप्ता कोण भरणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जर "बाबा" असेल, तर एक वर्ष थांब. नोकरी कर, सीईटी परत दे. वर्ष वाया जात नाही.

माझं काय? मी या वर्षी सीईटीचा फॉर्म भरणार आहे. घराचे कागद पेटीत आहेत, तिथेच राहतील. या वेळी एफडी खरी आहे. पावती बाबांना दाखवली. त्यांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली, व्याजदर वाचला आणि म्हणाले, "सोसायटीपेक्षा कमी देते."

चला, भेटूया पुढच्या भागात. तुमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकातला सरासरीचा आकडा आणि तुम्ही शोधून काढलेला मीडियन, दोन्ही मला पाठवा. कॉलेजचं नाव नको, फक्त आकडे. पुढच्या वेळी ते एकत्र वाचू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि घरी खोटं बोलू नका. नमस्कार!